टोमॅटोची कीड आणि हवा : आभाळ बघून फवारू नका, पहाटेचा पारा बघा

मळेकरी (शिरोळ तालुका)

राम राम मंडळी.

चार दिवस झाले, आभाळ धरलंय. ऊन नाही, पाऊस नाही, नुसतं दाटून बसलंय. बंगालच्या उपसागरात काही शिजलं की कार्तिक-मार्गशीर्षात आपल्याकडं हे ठरलेलंच. मोबाईलवर प्रत्येक ग्रुपला एकच निरोप फिरतोय : ढगाळ आहे, अळी येणार, आजच फवारून घ्या. काल संध्याकाळी आमच्या शिवारात दहा-बारा पंप चालू होते. माझा घरात होता. का, ते सांगायलाच हा धागा काढतोय. याच घाईपायी मी पूर्वी पैसाही घालवलाय आणि मालही. तुमचा जाऊ नये असं मनापासून वाटतं.

मी दरवर्षी सव्वा एकर टोमॅटो करतो. हस्तात लागण, मल्चिंग, ठिबक, तार-काठी. चार हंगामांपूर्वी गोठ्याच्या वळचणीला कमाल-किमान तापमापी टांगली. रोज सकाळी धारा काढून झाल्या की पहाटेचं किमान, आदल्या दिवसाचं कमाल आणि कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढून धरणारा सापळा) सापडलेले पतंग, एवढं वहीत लिहितो. चार हंगामांची वही समोर ठेवली तर एक गोष्ट दिसते. कीड उबेवर वाढते, आणि आपल्या हिवाळ्यात ती ऊब रात्री ठरते.

हिशेब करून दाखवतो. अळीला अंगची ऊब नसते, बाहेर जेवढी असेल तेवढ्यावर तिची वाढ. फळ पोखरणाऱ्या हिरव्या अळीची वाढ साधारण १२ अंशांखाली जवळपास थांबते. त्याच्या वर सरासरी जितके अंश, तितकी ऊब त्या दिवशी तिच्या खात्यावर जमा. आता निरभ्र थंडीचा दिवस घ्या : दुपारी ३०, पहाटे १३. सरासरी साडेएकवीस, त्यातून १२ गेले, राहिले साडेनऊ. ढगाळ दिवस घ्या : दुपारी २७ च, पण पहाटे २०. सरासरी साडेतेवीस, वजा १२, साडेअकरा. आपल्याला दिवसभर गारठल्यासारखं वाटतं आणि अळीचं मात्र रोज दोन अंशांनी जास्त भागतं. निरभ्र थंडीत २४ दिवसांत जेवढी ऊब साचते तेवढी ढगाळीत २० दिवसांत साचते.

आभाळ म्हणजे रानावर टाकलेली गोधडी. जमिनीची ऊब रात्री वर निसटत नाही आणि रानात आधीपासून असलेली अळी चार दिवस लवकर मोठी होते. म्हणून आभाळ आलं तरी पहाटेचा पारा १४ च्या आसपासच असेल तर मी शांत असतो. पारा १८-२० वर गेला आणि तिथंच बसला, की मात्र सापळा रोज बघतो.

आता पहिल्याच दिवशी फवारून काय मिळतं ते बघा. मादी पतंग तिन्हीसांजेला शेंड्याकडच्या, फुलांजवळच्या पानांवर एकेक सुटं अंडं घालते. मोहरीच्या दाण्याहून बारीक, पिवळसर. तीन-चार दिवसांत ते फुटतं. बाहेर आलेली बारीक अळी थोडे दिवस कोवळी पानं-फुलं कुरतडते आणि मग फळात शिरते. औषध लागू पडायचं ते या मधल्या दिवसांत. त्याआधी फवारलं तर अळीच नाही, आणि नंतर फवारलं तर अळी फळात.

परवा सकाळीच एक हिरवं फळ तोडलं. देठाजवळ गोल भोक, भोकाच्या कडेला ओली काळपट विष्ठा, आणि अळीचं अर्धं अंग बाहेर. डेऱ्यात तोंड घातलेल्या मांजरासारखी ती तिथं मागचं अंग हलवत होती. वरून कितीही चांगलं औषध मारा, तिचं तोंड आत आहे. अशी फळं तोडून बादलीत घालायची आणि खोल पुरायची, एवढंच हातात राहतं. बांधावर टाकली तर अळी बाहेर पडते, मातीत कोषात जाते आणि दहा-पंधरा दिवसांत पतंग होऊन पुन्हा आपल्याच रानात.

तुमच्याकडं काय अनुभव आहे ते लिहा. तालुका लिहा, लागणीची वेळही लिहा. त्याशिवाय ताळा लागत नाही.

वारणाकाठ (हातकणंगले)

दादा, हिशेब पटला. पण आमचे आजोबा म्हणायचे, आभाळ आलं की मावा आला. आणि ते खोटं नव्हतं. गेल्या साली डिसेंबरात पाच दिवस ढगाळ होतं, सहाव्या दिवशी शेंडे चिकट, पानं मुडपलेली, खालच्या पानांवर काळी बुरशी. ऊब फक्त दोन अंशांनी वाढली म्हणून एवढा मावा कसा येईल?

मळेकरी

आजोबांचं बरोबरच आहे. माव्याचा हिशेब अळीपेक्षा वेगळा. माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं घालते, अंड्याचे दिवससुद्धा जात नाहीत. २० ते २५ अंश आणि दमट हवा मिळाली की आठवडाभरात पिल्लू स्वतः पिल्लं घालायला लागतं. ढगाळीत त्याला नेमकं तेच मिळतं. शिवाय कडक ऊन त्याला वाळवत नाही आणि धुऊन काढणारा पाऊसही नसतो.

पण एक विचारतो, राग मानू नका. त्या पाच दिवसांच्या आधी ठिबकातून युरिया सोडला होता का? ऊन कमी असताना झाड आधीच कोवळं, लुसलुशीत होतं. त्यात नत्र वाढलं की माव्याला ताट वाढून दिल्यासारखं होतं. मी ढगाळ अंदाज दिसला की नत्र थांबवतो. माव्यावर याचा मला फवारणीइतकाच फरक दिसलाय.

आणि मावा दिसला की पान उलटून नीट बघा. काळ्या अंगावर नारिंगी ठिपके, मगरीसारखा आकार, अशा अळ्या त्यात फिरताना दिसतील. त्या ढालकिड्याच्या. आमच्या गावात लोक त्यांनाच कीड समजून चिरडतात. एकेक अळी दिवसाला कितीतरी मावा खाते. स्वस्त आणि जहाल औषध मारलं की आधी त्या मरतात, मावा उरतो आणि मग त्याला अडवायला कोणीच नसतं.

वारणाकाठ

युरिया सोडला होता. लागवडीला वाढ दिसेना म्हणून. बरं झालं विचारलंत.

कागलची आक्का

तुम्ही सगळे हिवाळ्याचं बोलताय, आमचा टोमॅटो पावसाळी. मिरगाच्या तोंडाला लागण, भाव असतो म्हणून. आमच्याकडं सगळीकडं सोयाबीन, आणि निपाणीकडं तंबाखू. त्यामुळं आम्हाला हिरव्या अळीपेक्षा पानं खाणारी तंबाखूची अळी जास्त. ती अंडी एकेक घालत नाही, पुंजक्यानं घालते, वर तपकिरी केसांचं पांघरूण. पानावर कुणी लोकरीचा बारीक तुकडा चिकटवल्यासारखं दिसतं. अंडी फुटली की बारीक अळ्या एकाच पानावर गोळ्यानं राहतात आणि पानाची जाळी करतात. भांगलायला गेलेल्या बायकांना मी सांगून ठेवलंय, जाळीचं पान दिसलं की तोडून पिशवीत घालायचं. एका पानाबरोबर शे-दोनशे अळ्या जातात. दोन दिवस उशीर झाला की त्या पांगतात आणि मग काय सापडत नाहीत.

आता पावसाचं सांगते. श्रावणात झडीचा पाऊस लागला, आठ-दहा दिवस ऊन दिसलं नाही, की सोयाबीनवर याच अळ्या पानाला चिकटून मेलेल्या दिसतात. आधी पांढऱ्या, खडूसारख्या कडक, मग हिरवट पावडर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कुणी चुना टाकला. ती बुरशी आहे, अळीला लागणारी, आपल्या फायद्याची. दमट हवेत आपोआप येते. पण करप्याला घाबरून आपण दर पाच दिवसाला बुरशीनाशक मारतो, त्यानं ही बुरशीपण मरते. करप्याचं औषध सोडून चालत नाही, ते मला कळतं. पण पांढऱ्या अळ्या दिसायला लागल्या की मी अळीचं औषध तरी थांबवते. दोन साल थांबले, काय बिघडलं नाही.

मळेकरी

आक्का, हे सोन्यासारखं सांगितलंत. विकतची बुरशी, म्हणजे बिव्हेरिया किंवा मेटारायझियम, मारणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं. तिला ओल लागते. मार्चच्या कोरड्या उन्हात दुपारी मारली तर पैसे वाया. पावसाळ्यात, संध्याकाळी मारा. हिरव्या अळीला मारणाऱ्या विकतच्या विषाणूचंही तसंच, एचएनपीव्ही उन्हानं निकामी होतो, म्हणून तोही दिवस कलल्यावर.

पंचगंगाकाठ

आमची मळीची जमीन. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा रान पाण्याखाली होतं. पूर ओसरल्यावर जी पहिली लागण केली तिच्यात अळी फार कमी आली, दोन्ही वेळा. मातीतले कोष बुडून गेले असणार असं आम्ही धरलं. पण पांढऱ्या माशीनं झोडपलं. बांधावर ओसाडी, गाजरगवत, कामोणी असं उगवून आलं होतं की रान आणि बांध ओळखू येत नव्हता.

नर्सरीवाला (जयसिंगपूर)

वरच्या काठकरांनी तण म्हटलं ते अगदी मर्मावर बोट आहे. पांढरी माशी पाऊस चालू असताना दबलेली असते, जोराचा पाऊस तिला पानाच्या खालून झटकून टाकतो. पाऊस थांबला, ऊन तापलं, तण फोफावलं, की ती वाढते. उष्ण कोरड्या हवेत तिची पिढी तीन आठवड्यांच्या आत उरकते. रस शोषून ती करते ते नुकसान कमी, खरं नुकसान ती पसरवते त्या बोकड्या रोगाचं. पानं वाटीसारखी वर वळतात, बारीक होतात, झाड खुरटतं. एकदा विषाणू घेतला की ती माशी मरेपर्यंत तो पसरवत राहते. आणि रोपाला पहिल्या महिन्यात लागला तर त्या झाडाला फळ धरायचं नावच नको.

म्हणून मी गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो, उघड्यावरची रोपं घेऊ नका. मीच सुरुवातीला दुसरीकडून उघड्यावरची दोन हजार रोपं आणून शेतकऱ्यांना दिली होती, जानेवारी अखेरची गोष्ट. दिसायला हिरवीगार होती. वीस दिवसांत तिसरा हिस्सा बोकड्यानं गेली. त्या माणसांपुढं उभं राहायला मला आजही जड जातं. त्यानंतर ४० मेशची जाळी, दुहेरी दार, आणि आत पिवळे चिकट सापळे, याशिवाय एक ट्रे बाहेर काढत नाही. लागणीआधी पंधरा-वीस दिवस रानाच्या कडेनं मक्याच्या दोन-तीन ओळी पेरा. माशी वाऱ्याबरोबर येते, मका तिला अडवतो.

आणि सगळा व्हायरस माशीचाच असं समजू नका. २०२० च्या उन्हाळ्यात नाशिक, नगर, पुण्याकडं फळ एकसारखं पिकेना, पिवळे-हिरवे पट्टे पडले, लोक त्याला तिरंगा म्हणायला लागले. त्यात काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला होता, तो मावा पसरवतो. फुलकिडे वेगळाच पसरवतात, त्यात शेंडा करपतो आणि फळावर गोल वलयं येतात. कुठली कीड कुठल्या हवेत वाढते हे कळलं तर कुठला व्हायरस कधी येणार याचाही अंदाज येतो.

उसाच्या_पोटात (करवीर)

माझ्या प्लॉटला तिन्ही बाजूंनी ऊस. दरवर्षी एकच चाल. ऊस उभा आहे तोवर आत दमट, वारा नाही, मावा आणि करपा. फेब्रुवारीत तोड आली, ऊस गेला, की पंधरा दिवसांत रस्त्याकडच्या ओळी तांबूस पडतात. पानं खालून बघितली की बारीक जाळं. गावातले म्हणतात उष्णता. पण मग आतल्या ओळी हिरव्या का राहतात?

मळेकरी

लाल कोळी. तो किडा नव्हे, आठ पायांचा, कोळ्याच्या जातीचा. म्हणून किडीचं साधं औषध त्याला लागत नाही, उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलं की त्याला खाणारे कोळी मरतात आणि तो दुप्पट होतो. ३० अंशांच्या वर आणि कोरड्या हवेत आठ-दहा दिवसांत एक पिढी.

रस्त्याकडच्याच ओळी का, याचं उत्तर तुमच्या रस्त्यावरच आहे. तोड सुरू झाली की दिवसभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात. तो फुफाटा पानावर बसतो. धुरळ्यात मित्रकीटकांना फिरता येत नाही, कोळी मात्र जाळ्याखाली सुखात. मी फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडच्या चार ओळी आठवड्यातून दोनदा नुसत्या पाण्यानं, पानाच्या खालून जोरानं धुतो. सकाळी, म्हणजे दुपारपर्यंत वाळतात. एप्रिल-मेमध्ये वळवाचा एक चांगला सडाका झाला की हाच कोळी दोन दिवसांत निम्म्यावर येतो, ते तुम्हीही बघितलं असेल. आपण वळवाचीच नक्कल करायची.

शेतीशाळा (पन्हाळा)

मी कृषी पदवीधर, स्वतःची शेतीही करतो. मळेकरींचा हिशेब योग्य आहे. १२ हा आकडा सगळ्या किडींना लागू नाही, प्रत्येकीचा वेगळा, एवढं ध्यानात ठेवा.

दुसरं, कोल्हापूर जिल्ह्याचा एकच अंदाज धरू नका. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरवर पाऊस, आणि शिरोळला त्याचा दहावा हिस्सा. मधलं अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. जुलैत गगनबावड्याकडं पावसानं कीड दबलेली असते त्याच आठवड्यात शिरोळ, हातकणंगल्याच्या पूर्व भागात उघडीप असते आणि फुलकिडे वाढतात. फुलकिडे ओळखायला भिंग लागत नाही. फुलांचा झुपका पांढऱ्या कागदावर तीन-चारदा आपटा आणि क्षणभर थांबा. तांदळाच्या कणीहून बारीक, पिवळसर रेघा चालायला लागतात. निळे चिकट सापळे त्यांच्यासाठी, पिवळे माशीसाठी.

शंका असेल तर पान पिशवीत घालून कणेरी किंवा तळसंद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. दुकानात दाखवलं की बाटली मिळते, केंद्रात आधी नाव मिळतं.

गडहिंग्लजची लेक

मी पहिल्यांदाच टोमॅटो केलाय. वडिलांचं रान, अर्धा एकर. आता फुलं आणि गोळ्या धरल्यात. जानेवारीत अजून अर्धा एकर करायचा विचार आहे, उन्हाळ्यात भाव मिळतो म्हणून. आमच्याकडं पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा आहेत, शेजारचे काका म्हणतात टुटा आली, ती पानं-फळं पोखरणारी अळी, सगळं उपटून टाक. दोन रात्री झोप नाही. काय करू?

मळेकरी

ताई, काही उपटू नका. पान उन्हाकडं धरून बघा. रेघ बारीक, दोऱ्यासारखी, वळणं घेत गेलेली असेल तर ती साधी नागअळी. टुटाचा चट्टा रुंद असतो, फोडासारखा, दोन पापुद्र्यांमधलं सगळं खाल्लेलं, आणि आत काळी विष्ठा एका कोपऱ्यात साठलेली. फळावर ती देठाच्या पाकळ्यांखाली टाचणीएवढं भोक पाडते. नागअळीची थोडी खालची पानं तोडून जाळा, पाच टक्के निंबोळी अर्क मारा, तेवढ्यानं भागेल.

टुटा महाराष्ट्रात २०१४ मध्ये पहिल्यांदा सापडली, मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या बाबतीत तर पाऱ्याचं बोलणं डोळ्यांत भरतं. सतत १४ अंशांत तिची एक पिढी व्हायला ७६ दिवस लागतात आणि २७ अंशांत २४ दिवस. म्हणजे तुमचा आत्ताचा प्लॉट तिच्यापासून बराच सुरक्षित, पण जानेवारीत लावलेला प्लॉट मार्च-एप्रिलच्या तोंडात सापडतो, फळं लागायच्याच वेळी. तरी करायचा असेल तर एक करा. आत्ताच्या प्लॉटची शेवटची तोडणी झाली की झाडं महिनोन्‌महिने तारेवर वाळत ठेवू नका, लगेच काढून खड्ड्यात घाला. आणि नवा प्लॉट त्याला चिकटून नको, शक्यतो रानाच्या दुसऱ्या टोकाला. टुटाचे सापळे रोपं लावायच्या दिवशीच.

आत्ताच्या प्लॉटला हिरव्या अळीचे सापळे लावलेत का?

गडहिंग्लजची लेक

दोन लावलेत. पतंग रोज काढून मोजते. तापमापी नाही, पण तुमचा धागा वाचून काल मागवली, आज पहाटे पहिल्यांदा बघितली. १९ होती. एका सापळ्यात ७, दुसऱ्यात ५. काल ४ आणि ३ होते.

कागलची आक्का

लेकी, झेंडू लावलायस का मध्ये? सोळा ओळींना एक ओळ. अंडी घालायला पतंग आधी झेंडूवर जाते. आता उशीर झाला, पण जानेवारीच्या प्लॉटला टोमॅटोच्या आधी पंधरा दिवस झेंडूचं रोप तयार ठेव.

गडहिंग्लजची लेक

नाही लावला आक्का. पुढच्याला नक्की लावते.

मळेकरी

ताई, आज फवारू नका. सापळ्यामागं ८ ते १० पतंग सलग तीन दिवस, ही आपली खूण. उद्या आणि परवा मोजा. त्याबरोबर रोज सकाळी रानात तिरकं चालत वीस झाडं बघा, शेंड्याखालची तीन-चार पानं, वरून आणि खालून, आणि फुलाचा देठ. अंडी दिसली की त्या फांदीला दोरा बांधा. ती फुटली की त्या संध्याकाळी मारायचं, त्याआधी नाही. औषध कुठलंही घ्या, पण डब्यावर टोमॅटोचं नाव आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते वाचून घ्या. मागच्या वेळी मारलं तेच पुन्हा नको.

गडहिंग्लजची लेक

तिसऱ्या दिवशीचं लिहिते, दादा. पारा पहाटे २०. सापळे ९ आणि ८. वीस झाडांत चार अंडी सापडली. लाल दोरा बांधलाय.

मळेकरी

छान. अंडी पिवळसर आहेत की तपकिरी पडलीत?

गडहिंग्लजची लेक

तीन पिवळसर. एक तपकिरी, आत काळा ठिपका दिसतोय.

मळेकरी

ती उद्यापर्यंत फुटेल. बाकीच्यांना दोन दिवस. सापळे उद्या-परवाही ८ च्या खाली आले नाहीत, म्हणजे तीन दिवस भरले, तर मारायचं परवा संध्याकाळी पाचनंतर, वारा पडल्यावर.